चौघं एकदम खेळतील असं घरगुती आर्केड कॅबिनेट: कंट्रोल पॅनलची मांडणी कशी ठरवू?

अंबडचा_फिटर

नमस्कार मंडळी,

नाशिकला अंबड एमआयडीसीत टूलरूमला काम करतो, राहायला सिडकोत. पत्रा, ड्रिल, बेंडिंग हे रोजचंच, त्यामुळे कॅबिनेटचा सांगाडा कसा उभा करायचा याची चिंता नाही. अडलंय ते वरच्या पॅनलपाशी: जॉयस्टिक आणि बटणं किती, कुठे आणि कोणत्या दिशेला बसवायची.

कॅबिनेट राहणार पंचवटीत, आमच्या थोरल्या काकांच्या घरी, तळमजल्याच्या खोलीत. गणपतीत आणि दिवाळीत आम्ही सगळी भावंडं तिथेच जमतो. जेवणं झाली की प्रत्येक जण आपापला मोबाइल घेऊन वेगवेगळ्या कोपऱ्यात बसतो आणि ते मला बघवत नाही. एका पडद्यासमोर चौघं खांद्याला खांदा लावून उभे राहिलेले मला हवेत. आम्ही लहानपणी शालिमारच्या बाजूला एका पार्लरमध्ये जायचो. सगळ्यांचा जीव ‘मुस्तफा’वर, म्हणजे कॅपकॉमच्या १९९३च्या ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’वर. तो गेम तिघांचा, पण तिथल्या मशीनला जॉयस्टिक दोनच होत्या. तिसरा भाऊ कायम बाजूला उभा राहून सूचना करायचा. आता त्याच्या हातात जॉयस्टिक द्यायचीच.

ठरलेलं एवढंच: ३२ इंची टीव्ही आडवा, आणि पॅनलची लांबी ४ फूट. ४ फूट अशासाठी, की प्लायची शीट ८ बाय ४ची येते, म्हणजे १२२० मि.मी.ची अखंड पट्टी निघते. खोलीचं दार जेमतेम ३० इंची, तेव्हा पॅनल सुटं करून वेगळं आत न्यावं लागेल. पत्र्याचं करायचं ठरलं तर लेझर कटिंग आणि पावडर कोटिंग करणारे ओळखीचे आहेत.

आता शंका.

धाकट्या भावाला स्ट्रीट फायटर पाहिजे, म्हणजे सहा बटणं आलीच. मग चौघांनाही सहा-सहा द्यावीत का? तशी चोवीस बटणं, वर प्रत्येकाचं स्टार्ट आणि कॉइन (नाणं टाकल्याचं सांगणारं बटण) धरून बत्तीस होतात. पॅनलवर ती मावतील, पण आठ हात मावतील का?

टीव्हीचा पडदा साधारण ७१ सेंमी रुंद आहे. कडेचे दोघे पडद्याच्या बाहेरच्या बाजूला उभे राहणार आणि आत वळून बघणार. त्यांच्या जॉयस्टिक पडद्याकडे तिरक्या फिरवून बसवायच्या की सरळ? फोटोंमध्ये दोन्ही प्रकार दिसतात आणि दोन्ही बाजूंचे लोक ठाम असतात.

मुलगी ९ वर्षांची आहे, तिला पॅकमॅन आवडतो. एका ओळखीच्याकडे आठ दिशांच्या जॉयस्टिकवर ती खेळली, तेव्हा वळणावर पॅकमॅन सारखा अडकत होता. तिच्यासाठी वेगळी जॉयस्टिक लागेल का? शिवाय पॅनलच्या मधोमध ट्रॅकबॉल (तळव्याने फिरवायचा गोळा) घालावा असंही मनात आहे.

पुतण्या डावखुरा आहे. त्याच्यासाठी काही उलटं करावं लागेल का?

वायरिंगमध्ये मी कच्चा आहे. बटणं कॉम्प्युटरला जोडणारे, झिरो डिले म्हणतात ते यूएसबी बोर्ड चार घ्यावेत की आय-पॅकसारखा एकच मोठा बोर्ड? आत रास्पबेरी पाय ४ (छोटा, एका बोर्डाचा कॉम्प्युटर) ठेवायचा विचार आहे.

घाई नाही, पण पत्रा एकदा कापला की कापला. म्हणून आधी विचारतोय.

---

रेट्रो_नाशिकरोड

फिटर दादा, पॅनल हा माझ्या फार जिव्हाळ्याचा विषय आहे, तेव्हा उत्तर लांबेल. बटणांची संख्या आणि कडेच्या दोघांचा कोन एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच लिहितो.

आधी कागदावर गेमची यादी करा. प्रत्येक नावापुढे दोन आकडे लिहा: एका वेळी किती जण खेळतात आणि प्रत्येकाला बटणं किती लागतात. कोनामीचा टर्टल्स (१९८९) चौघांचा, बटणं दोन. सिम्पसन्स (१९९१) चौघांचा, बटणं दोन. कॅप्टन कमांडो (१९९१), तेही चार आणि दोन. एक्स-मेन (१९९२), याचं तर सहा जणांचं मशीनसुद्धा निघालं होतं, बटणं तीन. एनबीए जॅम (१९९३) चौघांचा, बटणं तीन. तुमचा मुस्तफा तिघांचा, बटणं दोन. आता दुसरी बाजू बघा. स्ट्रीट फायटर टू (१९९१) सहा बटणांचा, पण दोघांचा. किंग ऑफ फायटर्स चार बटणांचा, दोघांचा. मेटल स्लग (१९९६) तीन बटणांचा, दोघांचा. नुसती यादी वाचली तरी उत्तर दिसतं: जिथे बटणं जास्त तिथे माणसं दोन, जिथे माणसं चार तिथे बटणं दोन-तीन.

म्हणून मधल्या दोघांना सहा आणि कडेच्या दोघांना चार. कडेला तीननेही भागेल, पण दोन ओळींत दोन-दोन अशी चार ठेवली तर पुढे चौघांचे कन्सोलवरचे गेम घालता येतात. चारच्या पुढे कडेला एकही बटण देऊ नका. ती जागा तुम्हाला हातांसाठी लागणार आहे.

जागेचा हिशेब असा. ३० मि.मी.च्या बटणांत केंद्रापासून केंद्रापर्यंत ३६ मि.मी. धरा. जॉयस्टिकच्या केंद्रापासून पहिल्या बटणाचं केंद्र ७५ मि.मी.वर. सहा बटणांचे तीन उभे स्तंभ म्हणजे पुढे ७२, आणि शेवटच्या बटणाचा अर्धा भाग १५. झाले १६२. जॉयस्टिकच्या डावीकडे मूठ मावायला ६० ठेवा, म्हणजे मधल्या खेळाडूला २२२. कडेच्याचा एक स्तंभ कमी, म्हणून १८६. चौघांचे मिळून ८१६. शेजारच्यांचे हात एकमेकांना लागू नयेत म्हणून तीन फटी, प्रत्येकी ९०, म्हणजे २७०. एकूण १०८६. तुमच्याकडे १२२० आहेत, तेव्हा दोन्ही टोकांना ६७-६७ उरतात. हात बसले.

पण खांदे बसत नाहीत. मोठ्या माणसाला खांद्याशी ४५ सेंमी तरी लागतात, चौघांचे १८० झाले आणि पॅनल १२२. म्हणजे कडेच्या दोघांना कोपऱ्याकडे सरकून तिरकं उभं राहावंच लागणार. त्यासाठी पॅनलचे पुढचे दोन्ही कोपरे तिरके कापा. टोक पोटात रुतणार नाही आणि माणूस आपोआप पडद्याकडे वळून उभा राहील.

आता तुमचा कोनाचा प्रश्न. इथे माझं मत अगदी पक्कं आहे: चारही जॉयस्टिक पडद्याला सरळ बसवा. माणूस तिरका उभा राहिला तरी जॉयस्टिक फिरवायची नाही. जॉयस्टिकची ‘वर’ ही दिशा पडद्याच्या ‘वर’शी जुळायला हवी. खेळणाऱ्याची छाती कुठे वळलीय याच्याशी तिचा संबंध नाही.

कारण सांगतो. आठ दिशांच्या जॉयस्टिकमध्ये ३६० अंशांचे आठ वाटे होतात, प्रत्येकी ४५ अंशांचा. म्हणजे ‘उजवी’चा वाटा सरळ उजव्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे साडेबावीस अंश. समजा तुम्ही कडेची जॉयस्टिक २० अंश फिरवून बसवली. खेळणाऱ्याचे डोळे पडद्यावर आहेत. त्याला आपला माणूस उजवीकडे न्यायचाय, म्हणून हात पडद्याला समांतर उजवीकडे जातो. जॉयस्टिकच्या हिशेबात मात्र तो हात २० अंश बाजूला गेलेला असतो, वाट्याच्या सीमेपासून फक्त अडीच अंशांवर. मनगट जरा हललं की ‘उजवी’च्या जागी ‘उजवी आणि वर’ लागते. आणि टर्टल्स, मुस्तफा अशा गेममध्ये ‘वर’ म्हणजे रस्त्यावर आत सरकणं. शत्रूच्या आणि तुमच्या पायांची रेषा जुळली नाही तर ठोसा हवेत जातो. गेमभर त्या माणसाला वाटत राहतं की आपल्यालाच खेळता येत नाही. चूक पॅनलची असते आणि पहिल्यांदाच खेळणारं माणूस दोन गेममध्ये कंटाळून बाजूला होतं. तुमच्या घरात हे व्हायला नको, म्हणून इतकं लिहितोय.

बटणांना दिशा नसते. कडेच्या दोघांची बटणं मनगटाच्या सोयीने खुशाल १५-२० अंश फिरवा. जॉयस्टिक सरळ, बटणं तिरकी, कोपरा तिरका, अशी ती मांडणी.

मुस्तफासाठी एक बारकावा. मारायचं आणि उडी मारायचं बटण एकदम दाबलं की खास फटका बसतो. म्हणून ही दोन्ही बटणं शेजारी-शेजारी यायला हवीत, वरच्या ओळीत एक आणि खालच्या ओळीत दुसरं असं नको. मॅपिंग (कोणतं बटण कशासाठी ते ठरवणं) करताना लक्षात ठेवा.

पॅकमॅन (१९८०) आणि डाँकी काँग (१९८१) मुळात चार दिशांच्या जॉयस्टिकसाठी केलेले आहेत. आठ दिशांच्या जॉयस्टिकवर वळताना क्षणभर दोन दिशा एकदम लागतात आणि गेमला काय करावं कळत नाही. तुमच्या मुलीचा पॅकमॅन त्यानेच अडकत होता. पुष्कळ जॉयस्टिकना खालून एक प्लास्टिकची चौकट असते. ती ४५ अंश फिरवली की तिरक्या दिशा बंद होतात. पण दर वेळी पॅनल उघडून चौकट कोण फिरवणार? त्यापेक्षा पॅनलच्या मधोमध, वरच्या बाजूला, एक छोटी चार दिशांची जॉयस्टिक कायमची लावा. बटण तिला लागतच नाही, पॅकमॅनला नुसती जॉयस्टिक पुरते. तिच्या वायरी पहिल्या खेळाडूच्या जॉयस्टिकच्या वायरींना समांतर जोडा, वेगळा इनपुट खर्च होत नाही.

ती जागा तिला दिलीत की ट्रॅकबॉल गेला, आणि जाऊ द्या. मिसाइल कमांड (१९८०), सेंटिपीड (१९८१) हे गेम सुंदर आहेत, पण तुमच्या घरात ते कुणी मागितलेले नाहीत. मुलीने पॅकमॅन मागितलाय.

पत्रा कापायच्या आधी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घ्या, १२२० लांबीचा कापा, सगळी केंद्रं आखा, बाटल्यांची झाकणं चिकटवा आणि टेबलावर योग्य उंचीला ठेवून चौघांना उभं करा. टीव्हीवर कुठलाही खेळ चालू ठेवा आणि दहा मिनिटं हात तिथेच ठेवायला सांगा. कुणाचं कोपर कुणाला लागतं ते लगेच कळेल. ही पायरी अजिबात गाळू नका.

---

देवळालीची_डावखुरी

नाव वाचून कळलंच असेल का लिहितेय. 🙂

दादा, पुतण्यासाठी जॉयस्टिक उजवीकडे नेऊ नका. मी लहानपणापासून डावखुरी आहे आणि आर्केडची नेहमीची मांडणी, म्हणजे डाव्या हातात जॉयस्टिक, मला छान जमते. माझा बारीक कामाचा हात जॉयस्टिकवर असतो. त्रास होतो तो भराभर बटण दाबायच्या गेममध्ये, कारण उजवा हात लवकर दमतो.

त्यावर एक सोपा उपाय आहे. कडेच्या एका जागी जॉयस्टिकच्या डावीकडेही दोन बटणं लावा आणि ती उजवीकडच्या पहिल्या दोन बटणांना समांतर जोडा. दोन स्विच एकाच इनपुटवर असले की कोणतंही दाबलं तरी चालतं. ज्याला पाहिजे त्याने उजव्या हातात जॉयस्टिक धरून डाव्या हाताने बटणं दाबावीत. ही जागा डाव्या टोकाची ठेवा. तिथे डावीकडे शेजारी कुणी नसतो आणि रेट्रो दादांनी काढलेले ६७ मि.मी. मोकळे आहेत. जॉयस्टिकच्या डावीकडचे ६० धरून १२७ झाले, दोन बटणं एकाखाली एक घातली तर मावतात.

उंचीचं कुणी बोललं नाही म्हणून सांगते. उभं राहून खेळायला पॅनलचा वरचा भाग जमिनीपासून ९५ सेंमीच्या आसपास मोठ्यांना बरा पडतो. तुमच्या ९ वर्षांच्या मुलीला तो छातीशी येईल, खांदे उचलून खेळावं लागेल. उंची मुलांसाठी कमी करू नका, नाहीतर मोठे वाकून खेळतील आणि अर्ध्या तासात कंबर धरतील. मुलांसाठी १५-२० सेंमीची रुंद पायरी करा, कॅबिनेटच्या खालून बाहेर ओढता येईल अशी. देवघरातला पाट किंवा स्वयंपाकघरातलं स्टूल वापरू देऊ नका. खेळाच्या भरात मुलं उड्या मारतात आणि पाट फरशीवर सरकतो. पायरीला खालून रबर लावा.

अजून एक. चौघांना चार रंग द्या, जॉयस्टिकचा गोळा आणि सगळी बटणं त्या-त्या रंगाची. वाचता न येणाऱ्या लहानग्यालाही ‘तू हिरवा’ एवढं सांगितलं की पुरतं.

---

पॅनल_वायरमन

सातपूरला स्विचगिअरच्या पॅनलचं वायरिंग करतो. आपल्या नाशकात हे काम जाणणारे हात भरपूर आहेत. फिटर दादा, तुमच्याच कंपनीत कुणाला तरी धरा, एका रविवारी होईल. तरी समजून घ्या.

प्रत्येक बटण आणि जॉयस्टिकची प्रत्येक दिशा म्हणजे एक साधा स्विच. त्याचं एक टोक बोर्डावरच्या आपापल्या इनपुटला, दुसरं टोक कॉमनला (सगळ्यांच्या सामाईक वायरीला). कॉमनची वायर प्रत्येक बटणासाठी बोर्डापर्यंत वेगळी ओढू नका, एका बटणावरून दुसऱ्यावर अशी साखळी करत न्या. सोल्डरिंग करू नका, वायरीच्या टोकाला लग (खोचायची धातूची पट्टी) दाबून क्रिंप करा म्हणजे बटण खराब झालं तर हाताने बदलता येतं. लग घेण्याआधी बटणाची पट्टी मोजा. लांब आट्यांच्या बटणांमधल्या मायक्रोस्विचला ४.८ मि.मी.चे लग लागतात, सान्वा या जपानी कंपनीच्या बटणांना २.८चे. दोन्ही टोकांना नंबरचे फेरूल (नंबर छापलेल्या छोट्या नळ्या) घाला. पन्नासेक वायरींमध्ये फेरूलशिवाय हात घालणं म्हणजे वेळेचा नुसता नाश.

जॉयस्टिक जोडताना एक गोष्ट सगळ्यांना गोंधळात टाकते. दांडा मध्ये टेकलेला असतो, म्हणून वर ढकलला की त्याचं खालचं टोक उलट्या बाजूला जातं आणि ‘वर’साठी खालच्या बाजूचा स्विच लागतो. डावी-उजवीचंही तसंच. आधी हाताने हलवून कोणता स्विच टिकटिक करतो ते बघा, मग फेरूल घाला.

बोर्डाचं. झिरो डिले बोर्ड स्वस्त आहेत आणि प्रत्येक खेळाडूला एक पुरतो. अडचण अशी की चारही बोर्ड एकसारखे, स्वतःचं नाव सांगतात तेही एकच. मग कोण पहिला आणि कोण चौथा हे कोणता बोर्ड आधी ओळखला गेला यावर ठरतं आणि कधीकधी मशीन चालू केल्यावर क्रम बदललेला दिसतो. लिनक्समध्ये यूएसबीच्या जागेनुसार नाव बांधून देता येतं, पण ते काम कमांड लिहायची सवय असणाऱ्याचं. शिवाय पाय ४ला यूएसबीच्या चारच जागा. चार बोर्ड लावले की कीबोर्डला हब घ्यावा लागतो.

आय-पॅक ४ महाग आहे, पण तो कॉम्प्युटरला एकच कीबोर्ड म्हणून दिसतो. प्रत्येक इनपुट म्हणजे एक ठरलेली कळ, तेव्हा क्रम बदलायचा प्रश्नच नाही. मेममध्ये (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) ५ म्हणजे पहिल्याचं कॉइन, १ म्हणजे पहिल्याचं स्टार्ट, दुसऱ्याचे ६ आणि २, हे मुळातच ठरलेलं आहे आणि बोर्ड तसाच येतो. त्याला ५६ इनपुट आहेत. तुमची गरज मोजली: चार जॉयस्टिकच्या सोळा दिशा, वीस बटणं, आठ स्टार्ट-कॉइन, मिळून ४४. एक्झिटचं एक धरा, ४५. समांतर जोडलेली बटणं आणि पॅकमॅनची जॉयस्टिक यात मोजायचीच नाहीत. आय-पॅक २ घेऊ नका, त्याचे ३२च आहेत. माझं मत आय-पॅक ४ला. गणपतीत दहा माणसं वाट बघत उभी असताना खेळाडूंचा क्रम लावत बसणं नको.

एक्झिटचं बटण पॅनलच्या वर अजिबात नको. रेट्रोपायमध्ये (पायवर जुने गेम चालवायची तयार प्रणाली) झिरो डिलेसारखे जॉयस्टिकवाले बोर्ड वापरले तर सिलेक्ट आणि स्टार्ट एकदम दाबलं की गेम बंद होतो. कॉइनचं बटण बहुधा सिलेक्टलाच जोडतात, आणि लहान मुलं ही दोन्ही बटणं एकदम दाबतातच. एक्झिट पॅनलच्या खालच्या अंगाला, मोठ्यांना हाताने चाचपून सापडेल असं लावा.

पत्र्याचं पॅनल करणार असाल तर अर्थिंग विसरू नका. आत २३० व्होल्टचा सप्लाय आहे आणि वर मुलांचे हात. पॅनलला वेल्ड स्टड (वेल्ड करून बसवलेला आट्यांचा खिळा) मारून अर्थची वायर पक्की बसवा, बिजागरीच्या भरवशावर राहू नका. पावडर कोटिंगवर संपर्क होत नाही, तेव्हा स्टडच्या बुडाशी कोटिंग खरवडा.

एका बाबतीत रेट्रो दादांना विचारायचंय. मधल्या दोघांना पहिला-दुसरा म्हणायचं आणि कडेच्यांना तिसरा-चौथा? चौघांच्या गेममध्ये पडद्यावर गुण डावीकडून उजवीकडे १, २, ३, ४ असे असतात. डाव्या टोकाला उभ्या माणसाची शक्ती मग पडद्याच्या उजव्या भागात दिसेल. मला हे फार खटकतं. मी सरळ डावीकडून १, २, ३, ४ केलं असतं.

---

रेट्रो_नाशिकरोड

वायरमन दादा, बरोबर पकडलंत. पण सरळ १, २, ३, ४ केलं तर सहा बटणांच्या दोन जागांपैकी एकच पहिल्या दोघांच्या वाट्याला येते. स्ट्रीट फायटर खेळणारे पडद्याच्या डाव्या अर्ध्यात उभे राहतात आणि त्यांतल्या एकाकडे चारच बटणं. दोघांचे गेम यादीत जास्त आहेत, म्हणून मूळ क्रम मधल्या दोघांनाच १ आणि २.

चौघांच्या गेमपुरता क्रम बदलता येतो. मेममध्ये गेम चालू असताना टॅब दाबला की मेन्यू उघडतो. त्यात सगळ्या गेमचे इनपुट एकदम बदलायची सोय आहे, तशी फक्त चालू गेमचे इनपुट बदलायचीही आहे. टर्टल्स उघडा, तेवढ्यापुरतं डाव्या टोकाच्या जॉयस्टिकला पहिला खेळाडू करा, मग पुढचे क्रमाने. एकदा केलं की त्या गेमसाठी ते जपलं जातं. चौघांचे गेम यादीत दहा-बारा असतील, एका संध्याकाळी उरकेल. आय-पॅकमुळे कळा ठरलेल्या असतात, तेव्हा हे पुन्हा बिघडत नाही. स्टार्ट आणि कॉइनही सोबत फिरवा, नाहीतर माणूस आपलं बटण दाबतो आणि शेजारचा खेळात उतरतो.

मुस्तफा तिघांचा. त्यात डाव्या तीन जागा वापरा, उजवं टोक रिकामं.

---

अंबडचा_फिटर

सगळ्यांचे मनापासून आभार. वाचता वाचता कागदावर आखत गेलो.

ठरलं ते असं: मध्ये सहा-सहा, कडेला चार-चार. चारही जॉयस्टिक पडद्याला सरळ, कडेची बटणं १५ अंश. डाव्या टोकाला ताईंनी सांगितलेली दोन जादा बटणं समांतर. पुतण्याला हे सांगितलं तर तो आजपासूनच ती जागा आपली म्हणून सांगत सुटलाय. मधोमध वर पॅकमॅनची छोटी जॉयस्टिक, ट्रॅकबॉल रद्द. बोर्ड आय-पॅक ४. कंपनीतला एक वायरमन मित्र मिसळीच्या बोलीवर यायला तयार झालाय. रविवारी काकांकडे पुठ्ठ्याची चाचणी आहे, घरातल्या सगळ्यांना बोलावलंय.

शेवटची शंका माझ्या कामातलीच, तरी विचारतो. २ मि.मी.चा एमएस (माइल्ड स्टील) पत्रा घेतला तर १२२० लांबीत मधे लवेल का? आणि ड्रॉइंगमध्ये भोकं नेमकी किती ठेवू?

---

रेट्रो_नाशिकरोड

नुसता सपाट पत्रा लवेल. चौघं मुठी आपटत खेळणार. पुढची आणि मागची कड ४० मि.मी. खाली बेंड करून घ्या, टोकांच्या बाजूही. तिरक्या कोपऱ्यांवर बेंड अवघड जाईल, तिथे पट्टी वेल्ड करा. पत्रा निवडलात ते बरं केलंत. सान्वासारखी खटक्याने बसणारी बटणं पातळ पत्र्यासाठीच असतात, १८ मि.मी.च्या प्लायमध्ये ती पकडत नाहीत, तिथे लांब आट्यांचीच लागतात. जॉयस्टिकही पत्र्याखाली बसवली की दांड्याची उंची पुरेशी राहते. जाड प्लायमध्ये खालून खोबणी पाडावी लागली असती. जॉयस्टिकसाठी वरून बोल्टची डोकी दिसायला नको असतील तर खालून वेल्ड स्टड मारा. स्टड कोटिंगच्या आधी, आणि आट्यांवर टेप लावून द्या.

भोकं: बटणाला ३०, जॉयस्टिकच्या दांड्याला २४. पावडर कोटिंगने भोकाच्या दोन्ही कडा जाड होतात, म्हणून बटणाचं भोक ड्रॉइंगमध्ये ३०.२ किंवा ३०.३ ठेवा. लेझरवाल्याकडे जाताना खरं बटण खिशात असू द्या. आधी त्याच पत्र्याच्या तुकड्यावर ३०, ३०.२, ३०.४ अशी तीन भोकं कापून घ्या, तो तुकडा कोटिंग करून आणा, आणि ज्यात बटण अंगठ्याने दाबून बसतं आणि हलत नाही तो आकडा फाइलमध्ये टाका. पुठ्ठ्याची चाचणी झाली की इथे मापं लिहा, फाइल देण्याआधी मी एकदा नजर टाकतो.